दादाचा गुडघा आणि १९७१ ची हब

"अशी सायकल बघ, की चढावर मला उतरून ढकलावी लागणार नाही." दादा फोनवर एवढंच बोलला आणि विषय बदलला. मी मात्र फोन ठेवला आणि सरळ माळ्यावर चढले. कारण माळ्यावर एक हिरवी फ्रेम दोन वर्षं पडून होती आणि ती कोणासाठी ठेवली होती ते मला त्या क्षणी कळलं.

दादाने आयुष्यभर एकच सायकल चालवली. एका गिअरची, जड, पुढे ४६ दाते आणि मागे १८. तिच्यावर तो डबलसीट मला शाळेत सोडायचा. आता त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी कुरकुरते. सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नाही, उलट ते चालवच म्हणतात. फक्त जोर लावायचा नाही, पाय हलके फिरले पाहिजेत. नवीन सायकल घेणं सोपं होतं. पण दादाच्या गुडघ्याला हव्या त्या मापाची सायकल तयार मिळत नाही, ती जुळवावी लागते, आणि जुळवायचं काम मला येतं. गेली अठरा वर्षं मी हेच करते: जुन्यातून काढायचं, नवीन घालायचं, जे दोन्हींत मिळत नाही ते कानशीने घासून बसवायचं.

तर हिरवी फ्रेम. एका इमारतीच्या जिन्याखालचा पसारा निघाला तेव्हा ती मिळाली. चाकं नव्हती, सीट आत रुतलेली, चेन गंजून काठीसारखी ताठ. जुनी फ्रेम हाती आली की रंग बघायचा नाही. मी आधी पुढच्या, हँडल जिच्यात फिरतं त्या डोक्याच्या नळीमागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटावरून बोट फिरवते. सायकल समोरून कशावर आदळली असेल तर तिथे बारीकशी सुरकुती येते. डोळ्याला ती चुकते, बोटाला चुकत नाही. मग जोडांच्या कडेला रंगाला केसासारखी चीर आहे का ते बघते. मग दोरा. मागचं चाक बसतं त्या डाव्या खाचेला दोरा बांधायचा, पुढे नेऊन डोक्याच्या नळीला वळसा घालायचा आणि परत उजव्या खाचेत आणून ताणायचा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. ते सारखं आलं तर मागचा भाग सरळ. माझ्या फ्रेमला एक मिलीमीटरचा फरक आला. पोलादाच्या फ्रेमला एवढं माफ. फरक मोठा असता तरी पोलाद हाताने वाकवून जागेवर आणता येतं; अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीच करायचा नाही, ती वाकत नाही, तडकते.

आणखी एक गोष्ट मी आधीच बघून ठेवली होती. मागचं चाक बसतं त्या खाचा आडव्या होत्या. गिअर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, आत असले की चेन ताणायला चाक मागे ओढावं लागतं आणि त्यासाठी आडवी खाच लागते. खाच उभी असती तर ही फ्रेम दादाच्या कामाची नव्हती.

सायकल उघडायला घेतली की पहिलं भांडण बॉटम ब्रॅकेटशी होतं. पायडलांच्या मधला आस ज्या नळीत फिरतो तो हा भाग. इथली मापं मला फार आवडतात. ६८ मिलीमीटर रुंद नळी, १.३७ इंचाचे आटे, इंचात २४. या आट्यांना आजही बीएसए म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली निघालेला बंदुकांचा कारखाना, जो पुढे सायकली करू लागला. कारखाना गेला, आटे राहिले. त्यामुळे माझ्या या जुनाट फ्रेममध्ये आज बाजारात मिळणारी बंद डब्यासारखी बेअरिंग सरळ जाऊन बसते. इटालियन फ्रेम असती तर नळी ७० ची आणि आटे ३६ मिलीमीटरचे. सगळंच बिनसलं असतं. म्हणून मी व्हर्निअर लावल्याशिवाय एकही भाग विकत घेत नाही.

मेख अशी की उजव्या बाजूचा कप, म्हणजे बेअरिंग धरणारी वाटी, उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. मी शिकत होते तेव्हा एका चांगल्या फ्रेमवर अर्धा तास उलट्या दिशेने पाना मारत बसले होते आणि कपाच्या कडा गोल करून टाकल्या होत्या. ती फ्रेम कायमची वाया गेली आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. आता मी पाना वापरतच नाही. कपाच्या भोकातून जेमतेम जाईल असा जाड बोल्ट बाहेरून आत घालते, आतून मोठं वॉशर आणि नट लावते, नट धरते आणि बोल्ट आवळत जाते. बोल्ट कपाला घट्ट पकडतो, आणि आवळण्याची दिशा तीच सुटण्याची असल्यामुळे एका क्षणी कपच फिरू लागतो. जितका जोर द्याल तितकी पकड वाढते. हिरव्या फ्रेमचा कप असा तिसऱ्या झटक्याला सुटला. डाव्या पायडलालाही उलटेच आटे असतात, हेही इथेच सांगून टाकते, कारण त्यापायी लोक क्रँक, म्हणजे पायडल बसतं तो दांडा, फुकट घालवतात.

क्रँक मात्र जुनेच लावले, पण या सायकलचे नाहीत. दादाची जुनी क्रँक १७० मिलीमीटरची. पाय वर येतो तेव्हा गुडघा किती मिटतो ते क्रँकच्या लांबीवर ठरतं. माझ्याकडे एका लहान चणीच्या सायकलचा १६५ चा जोड होता, ४४ दात्यांच्या चकतीसकट. पाच मिलीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पाय वर असताना आणि खाली असताना मिळून दहाचा फरक पडतो. शिवाय क्रँक आखूड झाली की सीट तेवढीच वर नेता येते, आणि गुडघ्याला तेच हवं असतं. सीट खाली असेल तर प्रत्येक फेरीत गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो. मी नेहमी टाच पायडलावर ठेवून बघते: पायडल अगदी खाली असताना टाच टेकून पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो.

म्हणूनच ती रुतलेली सीट काढणं भाग होतं. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पोलादाच्या नळीत वर्षानुवर्षं राहिला आणि घामाचं, पावसाचं पाणी आत झिरपलं की दोन्ही धातू एकमेकांना असे चिकटतात की जणू वितळून एक झालेत. फ्रेम उलटी टांगली आणि बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून गंज सोडवणारं तेल सीटच्या नळीत सोडत राहिले. रोज सकाळी आणि रात्री. नऊ दिवस. मधेच हातोडीने नळीवर हलके टकटक करायचं, तेल आत उतरावं म्हणून. नवव्या दिवशी दांड्याचं डोकं शेगड्यात आवळलं, बाहेर दिसणाऱ्या दांड्याभोवती बर्फाचं फडकं गुंडाळलं आणि नळीवर उकळतं पाणी ओतलं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं. दांडा गार आणि नळी गरम असेल तर मधे केसभर जागा होते. मग फ्रेमच दोन हातांनी धरून तरफेसारखी फिरवली. आधी काहीच नाही. मग एक कोरडा, कर्रकन आवाज, आणि फ्रेम माझ्या हातात दोन अंश फिरली. मी थांबले, पुन्हा तेल सोडलं, पुन्हा फिरवली. दांडा बाहेर आला तेव्हा त्याच्याभोवती पत्र्याचा एक पातळ तुकडा गुंडाळलेला निघाला. कोणीतरी कधीतरी २६.४ चा दांडा २६.८ च्या नळीत बसवायला ही युक्ती केली होती. मापाने युक्ती चोख होती, ०.२ चा पत्रा दोन्ही बाजूंना. फक्त ग्रीस लावायचं राहिलं होतं. मी २६.८ चा नवीन दांडा आणला आणि ग्रीस लावूनच घातला.

आता जुनं काय घ्यायचं आणि काय नाही. पोलादाची फ्रेम, पोलादाचं हँडल, हब, मडगार्ड, घंटा, चामड्याची सीट हे मी आनंदाने घेते. हबचे कोन, म्हणजे छर्रे ज्यांवर फिरतात ते निमुळते तुकडे, घेण्याआधी त्यांच्या घोटीव पट्ट्यावरून बॉलपेनचं टोक फिरवते. डोळ्याला न दिसणारा खड्डा पेनच्या टोकाला अडतो. रिम घेण्याआधी ब्रेक घासतो त्या पट्टीवर पोलादी फूटपट्टी आडवी धरून उजेडात बघते; मधून उजेड दिसला तर रिम आतून झिजलेली आहे. छर्रे मात्र जुने घालत नाही, कोन कितीही चांगले असले तरी. पुढच्या हबला एका बाजूला ३/१६ इंचाचे दहा, मोजून घालायचे. चेनही जुनी नाही. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे बारा इंचांत बरोबर चोवीस. जुन्या चेनवर पट्टी ठेवली आणि चोवीस कड्या बारा आणि एक अष्टमांश इंचावर गेल्या, तर ती चेन फक्त स्वतः गेलेली नाही, तिने दातेही खाल्लेले आहेत. आणि कुणी कसं वापरलं ते ठाऊक नसलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल तर फुकट मिळालं तरी नको. ते वाकून इशारा देत नाही.

ब्रेकच्या केबलबद्दल मी कोणाचंच ऐकत नाही. बारा वर्षांपूर्वी मी एक सायकल घाईने जुळवली आणि दुसऱ्या सायकलवरची केबल काढून पुढच्या ब्रेकला लावली. बाहेरून ती छान दिसत होती. पण ब्रेकच्या मुठीत जिथे केबलचं डोकं बसतं, तिथे आत एकेक तार तुटत आली होती. उतारावर मूठ दाबली आणि ती हँडलपर्यंत सैल गेली. समोर भिंत होती. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. त्या सायकलवर त्या दिवशी माझी भाची बसणार होती, ऐन वेळी तिने बेत बदलला होता. तेव्हापासून माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक सायकलला केबल नवीन, ब्रेकचं रबर नवीन. यात घासाघीस नाही.

आता हबकडे येते, कारण खरा जीव तिथे रमला.

ती एका मोडीत निघालेल्या सायकलच्या मागच्या चाकात होती. रिम गंजून पापडासारखी झालेली, तारा तुटलेल्या, पण मधली हब हाताला जड आणि भरीव लागली. वरची काजळी फडक्याने पुसली तर अक्षरं दिसली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि त्याशेजारी ७१ आणि ५. या हबांवर बनवल्याचं वर्ष आणि महिना ठोकलेला असे. १९७१ चा मे. स्टर्मी-आर्चर ही १९०२ साली नॉटिंगहॅममध्ये सुरू झालेली कंपनी आणि एडब्ल्यू ही तिची तीन गिअरची हब. दादा तेव्हा जेमतेम रांगत असेल.

उघडली तेव्हा आतलं तेल वाळून मधासारखं झालं होतं. रॉकेलमध्ये एक रात्र भिजवली आणि सकाळी जुन्या पांढऱ्या चादरीवर एकेक भाग मांडला, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. मधे आसावरच कोरलेलं सूर्यचक्र, त्याला वीस दाते. त्याभोवती फिरणारी चार ग्रहचक्रं, प्रत्येकाला वीस. त्या सगळ्यांना वेढणारं कडं, आतून साठ दात्यांचं. बस्स, एवढ्यावर तिन्ही गिअर. वीस भागिले साठ म्हणजे एक तृतीयांश. चेनने ग्रहांचा पिंजरा फिरवला आणि चाक कड्याला जोडलं, तर चाक मागच्या चकतीपेक्षा एक तृतीयांश जास्त फिरतं. तो तिसरा गिअर. चेनने कडं फिरवलं आणि चाक पिंजऱ्याला जोडलं, तर चाक तीन चतुर्थांशच फिरतं. तो पहिला, चढाचा. आणि दुसऱ्यात सगळं सरळ, एकास एक. कोणाला कोणाशी जोडायचं ते आसाच्या पोकळीतून जाणारी एक बारीकशी साखळी ठरवते. मी दाते बोटाने मोजले, तरी पुन्हा मोजले. पन्नासहून जास्त वर्षांची हब, आणि एकाही दात्याचं टोक झिजलेलं नाही.

चाकाला एकाच दिशेने पकडणाऱ्या चार खटक्यांपैकी दोन चिकटून बसले होते. त्यांच्यामागची स्प्रिंग केसाहून थोडी जाड असते. ती चिमट्यात धरताना मी श्वास रोखून धरते. दोन स्प्रिंगा नवीन घातल्या. इथे ग्रीस लावायचं नाही, ही गोष्ट लोक हमखास चुकतात. ग्रीस घट्ट झालं की खटका उघडत नाही आणि पाय मोकळाच फिरतो. ग्रीस फक्त छऱ्यांना, आत हलकं मशीनचं तेल. हबच्या अंगावर त्यासाठीच छोटं झाकण आहे.

दोन दिवस एका साध्या गोष्टीने अडवलं. या हबचा आस १३/३२ इंचाचा, इंचात २६ आटे. साधा दहा मिलीमीटरचा नट त्यावर जायला बघतो आणि अर्ध्यात अडकतो, आणि तुम्ही जोर केलात तर आस संपला. एक नट हरवला होता. माझ्याकडच्या डब्यातला प्रत्येक नट मी त्या आसावर नुसत्या बोटाने फिरवून बघितला आणि शेवटी एक मिळाला. तेव्हापासून या हबचे नट मी सुतळीत ओवून हबलाच बांधून ठेवते.

हब ११५ मिलीमीटर रुंद आणि फ्रेमच्या मागच्या खाचांमधलं अंतर १२०. पोलाद दाबून जवळ आणता आलं असतं, पण आस पुरेसा लांब होता, म्हणून दोन्ही बाजूंना अडीच अडीचची वॉशरं घातली. त्यावर ती खास जिभेची वॉशरं, जी खाचेत अडकून आसाला फिरू देत नाहीत. ही नसतील तर पहिल्या गिअरमध्ये आस स्वतःच फिरून नट सैल करतो. वॉशरांमुळे दात्याची चकती आत सरकली आणि पुढच्या चकतीशी तीन मिलीमीटरनी तिरकी झाली. पण या हबची चकती बशीसारखी किंचित खोलगट असते. चकतीला अडवणारी कडी काढली, चकती उलटी घातली, कडी पुन्हा बसवली, आणि चेन सरळ झाली. असं एखादं अडलेलं काम मापात अलगद सुटलं की मला उगाच उठून दोन फेऱ्या माराव्याशा वाटतात.

चाकाच्या बाबतीत एक निर्णय आधीच घेतला होता. या फ्रेमला मुळात २७ इंची चाकं होती, क्रोमच्या पोलादी रिमांची. क्रोमची रिम ओली झाली की ब्रेक लागतच नाही म्हटलं तरी चालेल; रबर नुसतं सरकत राहतं. जुन्या सायकलमध्ये एकच बदल करा असं कोणी म्हटलं तर मी अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा घाला म्हणेन, बाकी सगळं नंतर. टायरच्या इंचांवर मात्र विश्वास ठेवायचा नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेला तीन आकडी आकडा तेवढा खरा: २७ इंचाचा ६३०, आणि आज सगळीकडे मिळणाऱ्या ७०० सी चा ६२२. टायर रिमवर जिथे बसतो त्या घेराचा हा व्यास, मिलीमीटरमध्ये. म्हणजे नवीन रिम घातली तर ब्रेकचं रबर चार मिलीमीटर खाली यायला हवं. माझ्या ब्रेकच्या खाचेत सहा मिलीमीटर जागा होती. काम झालं.

नवीन रिमला छत्तीस भोकं, हबलाही छत्तीस. तारांची लांबी काढायला दोन जुन्या तारा बरोबर दोनशे मिलीमीटरवर कापल्या, निपल, म्हणजे तार आवळायचे छोटे नट, लावून रिममध्ये समोरासमोर घातल्या आणि मधलं अंतर मोजलं. त्यावरून रिमचा उपयोगी व्यास ६०८ आला. हबची मापं घालून हिशेब केला, तार २९० ची निघाली. दोन्ही बाजूंना एकच लांबी, ही या हबची मोठी देणगी. बाहेर सात-आठ गिअरचे दाते असलेल्या चाकात उजव्या तारा फार ताणलेल्या आणि डाव्या सैल असतात, म्हणून ती चाकं लवकर आउट, म्हणजे वाकडी, होतात. इथे दोन्हीकडचा ताण सारखा.

तारा भरायला मी रात्री बसते, घर शांत झालं की. आधी एका बाजूच्या नऊ, प्रत्येक चौथ्या भोकात. मग दुसऱ्या बाजूच्या नऊ. मग हब धरून पीळ द्यायचा, आणि सैल लोंबणाऱ्या त्या तारा एकदम तिरक्या होऊन चाकासारख्या दिसायला लागतात. हा क्षण मी कितीदा पाहिला तरी पुन्हा बघते. त्यानंतरची प्रत्येक तार पहिल्या दोन तारांवरून आणि तिसरीच्या खालून. तिसरीखालून नेताना तिला हलकासा बाक द्यावा लागतो, अंगठ्याने, नाहीतर ती पुढे रिमच्या भोकापर्यंत पोचत नाही. छत्तिसावी तार बसली तेव्हा पावणेबारा झाले होते.

आउट काढायला मी स्टँड वापरत नाही. फ्रेम उलटी करून चाक तिच्यातच लावते आणि प्लॅस्टिकचा एक बंद नळीला असा बांधते की त्याचं टोक रिमला जेमतेम शिवेल. चाक फिरवायचं आणि ऐकायचं. जिथे घासल्याचा आवाज येतो तिथे रिम त्या बाजूला गेलेली. समोरच्या बाजूची तार पाव फेरा आवळायची, घासणाऱ्या बाजूची पाव फेरा सोडायची. अर्धा फेरा द्यायचा मोह होतो. देऊ नये. वर-खालीचा आउट आधी, डावी-उजवीकडचा नंतर. मधे मधे समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबायच्या, तेव्हा पीळ सुटतो आणि टिंग टिंग असा आवाज येतो. तो आवाज यायचा थांबेपर्यंत चाक तयार झालं असं मी म्हणत नाही. शेवटी प्रत्येक तार नखाने छेडून ऐकते. एका बाजूच्या सगळ्यांचा सूर जवळपास सारखा लागला पाहिजे. एक तार बसक्या आवाजाची निघाली, तिला पाव फेरा दिला, आणि झोपले.

आता दाते. पुढे ४४ पक्के होते, मागे मी २२ ची मोठी चकती घातली. चाकाचा घेर २.१७ मीटर. दुसऱ्या गिअरमध्ये पायडलाच्या एका फेरीत सायकल ४.३ मीटर जाते, पहिल्यात ३.२५, तिसऱ्यात ५.८. दादाची जुनी सायकल एका फेरीत साडेपाच मीटर जायची. म्हणजे त्याची जुनी सायकल जवळपास जशीच्या तशी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, आणि तिच्याखाली आणखी दोन पायऱ्या आहेत. १८ ची चकती ठेवली असती तर पहिला गिअरही ३.९८ मीटरचा झाला असता आणि दादा चढावर पुन्हा उतरून ढकलत असता. एका चकतीचा, चार दात्यांचा फरक.

चेन नवीन, अष्टमांश इंच रुंद. मधोमध बोटाने दाबली की अर्धा इंच हलली पाहिजे. ताठ ठेवली तर हबचे छर्रे भरडले जातात.

दादा आला तेव्हा मी त्याला आधी गिअर कसा जुळवायचा ते दाखवलं, बसू दिलं नाही. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा आहे. केबल थोडी सैल झाली की हब नेमकी तिथे थांबते, पाय एकदम मोकळा सुटतो, आणि तुम्ही उभं राहून जोर देत असाल तर सरळ दांडीवर आपटता. म्हणून गिअर दुसऱ्यात ठेवायचा, उजव्या नटाच्या खिडकीतून आत बघायचं, आणि साखळीच्या दांडीचं टोक आसाच्या टोकाशी समपातळीत आलं पाहिजे. दादाने चष्मा कपाळावर चढवला, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकला आणि बराच वेळ त्या छोट्या खिडकीत बघत राहिला.

"हे ७१ काय गं?"

"साल."

"माझ्याएवढीच की."

"एक वर्षाने लहान आहे, दादा. तू सत्तरचा."

त्याने हबवरून अंगठा फिरवला. मग टाच पायडलावर ठेवून सीटची उंची स्वतःच तपासली. मी काही न सांगता. एवढी वर्षं माझ्या सायकली बघून त्याला ते माहीत झालं असणार.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, पाय एकदा मोकळा सुटला म्हणून. नवीन केबल ताणली गेली होती, नव्या केबलला ते होतंच. फोनवरच त्याने खिडकीतून बघून केबलची बारीक घुंडी दीड फेरा फिरवली आणि ती जुळली.

या हबची एक खूण आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय मारत असतानाही आतून टिक टिक टिक असा संथ आवाज येत राहतो, कारण पहिल्या गिअरचे खटके मागे राहून दात्यांवरून घसरत असतात. पहिल्या गिअरमध्ये तेच खटके चाक ओढतात, आणि हब गप्प होते. रविवारी आम्ही दोघं बरोबर निघालो. मी मागे होते. सपाट रस्त्यावर पुढून त्याची टिकटिक ऐकू येत होती. चढ लागला, मी माझा गिअर बदलला आणि कान दिला. टिकटिक अजून चालूच होती. दादा दुसऱ्यातच रेटत होता, खांदे डावीकडे-उजवीकडे हलायला लागले होते. मी हाक मारणार इतक्यात त्याचा उजवा अंगठा हलला, पाय क्षणभर थांबले, आणि आवाज बंद झाला.

मग नुसते त्याचे पाय फिरताना दिसत होते, हलके, एका लयीत, चढाच्या माथ्यापर्यंत.